हायड्रोपोनिक्सचं किट, माल उचलण्याची हमी आणि माझे १ लाख ४८ हजार ५०० रुपये

नाशिकला अंबडच्या कारखान्यात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. पाथर्डी फाट्याजवळ रो-हाउस आहे, वर मोकळी गच्ची. गावाकडची जमीन कधीच विकली गेली, पण काहीतरी पिकवायची ओढ काही सुटली नाही. फंडाचे पैसे हातात आले आणि तेवढ्यात हायड्रोपोनिक्सचं, म्हणजे मातीशिवाय खताच्या पाण्यात भाजी पिकवायचं, किट विकणारी ही मंडळी भेटली. माझ्यामुळे आणखी दोन घरांचे पैसे अडकले, म्हणून सगळं जसं घडलं तसं लिहितोय.

नोव्हेंबरमध्ये गंगापूर रोडला एक प्रदर्शन भरलं होतं. एका स्टॉलवर पांढऱ्या पाइपांच्या भोकांतून लेट्यूसची, म्हणजे सॅलडच्या पालेभाजीची, टवटवीत रोपं उभी होती. स्टॉलवरचा मुलगा फार गोड बोलायचा. "काका, माती नाही, तण नाही, वाकायचं काम नाही. तुम्ही फक्त पिकवा, माल आम्ही उचलतो. किलोला २५० रुपये, बाराही महिने." त्याने ग्लासभर पाण्यात त्यांच्या खताचे थेंब टाकले, टीडीएस मीटर बुडवला आणि आकडा ८०० वर गेलेला दाखवला. "बघा, एवढं अन्न आहे यात." मला ते पटलं. हा मीटर पाण्यात क्षार किती विरघळलेत एवढंच सांगतो, कोणते ते सांगत नाही. चिमूटभर मीठ टाकलं तरी ८०० दाखवतो. हे मला तेव्हा माहीत असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

७२ भोकांचा सेट ३८,५०० रुपयांना घेतला. महिनाअखेरीस जोडून दिला. सोबत 'ए' आणि 'बी' अशी खताची दोन वेगळी पाकिटं, बिया, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पाण्याची आम्लता मोजणारा एक पीएच मीटर. थंडी चांगली पडली होती. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या रोज पेपरात येत होत्या, आणि लेट्यूसला हीच हवा मानवते. जानेवारीच्या मध्याला ५४ गड्डे निघाले, जवळजवळ सात किलो. मुलगा गाडी घेऊन आला, समोर वजन केलं आणि जागेवर १,७५० रुपये फोनवर पाठवले.

ते पैसे म्हणजे आमिष होतं. फोनवरचा तो मेसेज मी शेजारच्या सरांना दाखवला, कारखान्यातल्या जुन्या सहकाऱ्याला दाखवला. दोघांनी महिन्याभरात एकेक सेट घेतला. मी स्वतः फेब्रुवारीत २८८ भोकांच्या मोठ्या सेटसाठी १ लाख १० हजार भरले. त्यातले ५० हजार ऑनलाइन, ६० हजार रोख, कारण रोख दिले तर 'सवलत' होती. माझी बायको म्हणाली होती, "आधी दुसरं पीक तरी निघू द्या." मी ऐकलं नाही.

गणित मी कागदावर मांडायला हवं होतं. सगळी ७२ रोपं जगली आणि गड्डा १३० ग्रॅमचा धरला, तर सव्वानऊ-साडेनऊ किलो होतात, म्हणजे सुमारे २,३४० रुपये. त्यातून बिया, खत आणि विजेचा खर्च जायचा. ४० वॅटचा पंप चोवीस तास चालला की दिवसाला जवळपास एक युनिट जातं. काहीच खर्च धरला नाही तरी ३८,५०० वसूल व्हायला सोळा-सतरा पिकं लागतात. नाशिकच्या थंडीत उघड्या गच्चीवर लेट्यूसची दोन, फार तर तीन पिकं होतात. एप्रिलमध्ये इथला पारा चाळिशीकडे जातो, टाकीतलं पाणी तापतं, मुळं कुजतात, लेट्यूसला तुरा येतो आणि पान कडू होतं. 'बाराही महिने' हे शब्द ऐकल्याबरोबर मी तिथून उठायला हवं होतं.

मार्चपासून रंग पालटला. 'ए' आणि 'बी' पाकिटं बंद झाली म्हणाले. त्याऐवजी 'सुधारित' एकच हिरवी बाटली आली, लिटरला ८५० रुपये. त्या खतावरच्या रोपांची बाहेरची पानं गडद हिरवी, पण आतली कोवळी पानं कडेने तपकिरी पडून करपायला लागली. फोन केला तर म्हणे, "काका, तुमचं पाणी खराब आहे." माल न्यायला कोणी आलं नाही. करार काढून वाचला, तर त्यात 'गुणवत्ता योग्य असल्यास' एवढे तीन शब्द होते, आणि गुणवत्ता कोण ठरवणार ते कुठेच नव्हतं. मोठा सेट आजपर्यंत आलेला नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फोन बंद झाला.

माझा मेहुणा दिंडोरीकडे द्राक्षं करतो. तो आला, बाटली हातात घेऊन बराच वेळ उजेडात धरून बघत राहिला. मग म्हणाला, "दाजी, आम्ही बागेला ठिबकमधून कॅल्शियम नायट्रेट सोडतो तेव्हा टाकीत दुसरं काही टाकत नाही. ०:५२:३४, म्हणजे स्फुरद-पालाशाचं खत, किंवा मॅग्नेशियम सल्फेट सोबत गेलं की साका बसतो, ड्रिपर चोकअप होतात. यांचं सगळं एकाच घट्ट बाटलीत राहिलं, आणि पाणी काचेसारखं नितळ?"

त्या रात्री आम्ही ओट्यावर प्रयोग केला. आरओच्या पाण्याचे दोन ग्लास. एकात जुन्या 'ए' पाकिटाची तळाशी उरलेली पूड, दुसऱ्यात हिरव्या बाटलीतलं दोन चमचे. दोन्हींत धुण्याच्या सोड्याचं पाणी ओतलं. पहिला ग्लास क्षणात दुधासारखा पांढरा झाला, हळूहळू तळाशी पांढरा गाळ बसला. दुसरा होता तसाच राहिला. कॅल्शियम असतं तर सोड्याने पांढरा साका धरलाच असता. कोवळ्या पानांच्या कडा करपण्याचं कारण समोर होतं. कॅल्शियम जुन्या पानातून नव्या पानात सरकत नाही, म्हणून कमी पडलं की आधी कोवळं पान जळतं.

एका ग्लासवर विसंबायचं नाही म्हणून तीन बादल्या मांडल्या. रंगाच्या रिकाम्या, पाच-पाच लिटरच्या, झाकणाला भोक पाडून. उजेड आत गेला की शेवाळ धरतं म्हणून बाहेरून काळा कागद गुंडाळला. भोकात छिद्रांचा प्लास्टिकचा पेला, पेल्यात कोकोपीट आणि पालकाचं रोप. पाणी पेल्याच्या बुडाला जेमतेम टेकेल एवढंच. रोप पाणी पीत जातं तशी वर पोकळी होते आणि त्या पोकळीत मुळांना हवा मिळते. पंप नाही, वीज नाही. अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठातले संशोधक क्रॅटकी यांच्या नावाने ही पद्धत जगभर ओळखली जाते आणि तिला खर्च फारसा येत नाही.

पहिल्या बादलीत नुसतं नळाचं पाणी, दुसरीत हिरव्या बाटलीतलं खत, त्यांनी सांगितलेल्या मापाने. तिसरीचं खत मेहुण्याने बागेसाठी आणलेल्या पिशव्यांमधून काढलं. दहा लिटरला ८ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, ४ ग्रॅम १३:०:४५ (हे आकडे म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश यांची टक्केवारी), २ ग्रॅम ०:५२:३४, ४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि चिमूटभर चिलेटेड मायक्रोन्यूट्रियंट, म्हणजे सूक्ष्म अन्नद्रव्यं. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या भांड्यात विरघळवून सगळ्यात शेवटी भरल्या पाण्यात घातलं. पीएच ६ च्या आसपास ठेवला, साडेपाच ते साडेसहा चालतो. त्यांनी दिलेला पीएच मीटर मेहुण्याच्या मीटरशी ताडून पाहिला तर पूर्ण एक अंकाने चुकत होता.

अठराव्या दिवशी बादल्या गच्चीच्या सावलीतून उचलून ओट्यावर आणल्या. नळाच्या पाण्यातलं रोप पिवळं पडून तीन पानांवर अडलेलं. बाटलीवरचं वाढलेलं, पण आतली पानं चुरगळलेली आणि कडेला करपलेली. तिसऱ्या बादलीतल्या रोपाची पानं तळहाताएवढी, मुळं पांढरीशुभ्र. मेहुण्याने बाटलीचं लेबल पुन्हा वाचलं. नत्र, स्फुरद, पालाश यांचे आकडे नाहीत, उत्पादकाचा पत्ता नाही, बॅच नाही. नाशिक जिल्ह्यात कुठल्याही कृषी सेवा केंद्रात विद्राव्य खताच्या पिशवीवर टक्केवारी छापलेली असते, कारण कायद्याने ती छापावीच लागते. "मला वाटतं हे १९:१९:१९ पातळ करून रंग घातलेलं असेल," तो म्हणाला. त्या खतातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं. मातीतले जिवाणू ते रोपाला खाण्याजोगं करून देतात. नुसत्या पाण्यात ते काम नीट होत नाही. बाटलीत नेमकं काय आहे हे प्रयोगशाळाच सांगेल, पण कॅल्शियम नाही एवढं आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

तुम्हाला कोणी असं किट दाखवलं तर पैसे द्यायच्या आधी महिनाभर एक बादली करा. पालक, पुदिना, कोथिंबीर, काहीही लावा. विकणाऱ्याकडून खताचा नमुना मागा आणि त्याच बादलीत वापरून बघा. तो नमुना द्यायला कां-कूं करत असेल तर तिथेच थांबा. आणि ज्यांचा माल आठ महिने सलग उचलला गेलाय अशा दोन माणसांच्या गच्चीवर, उन्हाळ्यात, स्वतः जाऊन या. आमच्या वेळी दाखला म्हणून पुढे केलेले लोक फक्त जानेवारीत माल उचलला गेलेले होते, आणि त्यातला एक मी होतो.

कागद तपासताना कळलं की मला मिळालेल्या कागदावर 'अंदाजपत्रक' लिहिलंय, बिल नाहीच. रोख ६० हजारांची पावती नाही. जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकला तर तो भलत्याच व्यवसायाचा निघाला. हे तपासायला दोन मिनिटं लागतात. रजिस्टर पत्र पाठवलं, ते परत आलं.

आता पोलिसांत अर्ज दिलाय. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करावा, मी दोन महिने उशिरा केला. ग्राहकांच्या तक्रारींसाठी १९१५ हा मदत क्रमांक आहे. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता परगावचा असला तरी. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. एक अडचण वकिलांनी सांगितली. विकण्यासाठी पिकवत होतो म्हणजे व्यापारी हेतू, असं समोरचे म्हणू शकतात. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर कायदा ग्राहक मानतो, त्यामुळे तसं तक्रारीत स्पष्ट लिहायचं.

शेजारच्या सरांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि मला तेच जास्त लागतं. त्यांची पेन्शन बेताची आहे. त्यांच्या गच्चीवरचे पाइप अजून उभे आहेत. मी त्यांना तिसऱ्या बादलीसारख्या चार बादल्या करून दिल्यात, पुदिना लागलाय. सोमवारी आम्ही दोघं आणि माझा सहकारी मिळून ग्राहक आयोगात जाणार आहोत. त्यांच्याकडची एक हिरवी बाटली अजून सीलबंद आहे. ती फोडू नका असं मी त्यांना तीनदा सांगितलंय.