सात महिने वापरून: स्ट्रोब कंट्रोलर चांगला, नॉब भिकार

काल परत कंट्रोलरचा ब्राइटनेसचा नॉब फिरला. खरं तर त्यावरच लिहायला बसलो होतो, पण आधी बाकीचं सांगतो, नाहीतर कंट्रोलरवर, म्हणजे कॅमेरा फोटो घेतो त्याच क्षणी लाइट पेटवणाऱ्या डब्यावर, अन्याय होईल.

भोसरीत आमची छोटी शेड आहे. पितळी बुशच्या (नळीसारख्या छोट्या पार्टच्या) चॅम्फरवर, म्हणजे तिरप्या कापलेल्या कडेवर, बर (धातूची बारीक धार) राहिली का, ते बेल्टवरच कॅमेऱ्याने बघतो. कॅमेरा ग्लोबल शटरचा (पूर्ण चित्र एकाच क्षणी टिपणारा), वर लाल रिंग लाइट. पूर्वी लाइट सतत चालू आणि एक्स्पोजर (एका फोटोसाठी कॅमेरा उघडा राहतो तो वेळ) 2 मिलिसेकंद. बेल्ट सेकंदाला अर्धा मीटर पळवला की तेवढ्यात बुश 1 मिलिमीटर सरकतो, मग बर दिसणार कुठून? म्हणून बेल्ट रांगत चालवायचो. त्यात छपराच्या पारदर्शक पत्र्यातून दुपारचं ऊन आत आलं की चांगला मालही रिजेक्ट.

दिवाळीनंतर कंट्रोलर घेतला आणि एक्स्पोजर 100 मायक्रोसेकंदांवर आणलं. प्रकाश वीस पट कमी पडणार होता. पण लाइट आता क्षणभरच पेटतो, त्यामुळे त्यातून जास्त करंट सोडून जवळपास पाचपट उजेड मिळाला. उरलेली चौपट लेन्सचं तोंड एफ 8 वरून एफ 4 ला मोठं उघडून काढली. नवा लाइट घ्यावा लागला नाही, हे महत्त्वाचं! इतक्या कमी वेळात उन्हाचा वाटाही पाचव्या हिश्श्यावर आला. महिनाभर मी येणाऱ्या-जाणाऱ्याला स्क्रीन दाखवत होतो.

मार्चमध्ये चित्र काळपट यायला लागलं. सकाळी बरं, दुपारी वाईट. सप्लायरचा इंजिनिअर आला, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, "साहेब, लाइट उतरलाय, बदलून टाका." मीटरसुद्धा बॅगेतून काढला नाही. व्हिजिटचं बिल मात्र त्याच संध्याकाळी आलं. तेव्हा लिहिलं असतं तर एकच स्टार दिला असता.

मग पॉलिटेक्निकमधल्या मित्राचा ऑसिलोस्कोप (सिग्नल वेळेनुसार स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) दोन दिवस मागून आणला. एका चॅनलवर कॅमेऱ्याचं एक्स्पोजर, दुसऱ्यावर लाइटचा करंट. लाइट 40 मायक्रोसेकंद उशिरा पेटत होता, दुपारी शेड तापली की 50 च्या वर. म्हणजे शंभरातले साठच कामी येत होते, बाकी चमक कॅमेऱ्याने डोळा मिटल्यावर. लाइटला इशारा देणाऱ्या कॅमेऱ्याच्या ऑप्टो आउटपुटमधला ट्रान्झिस्टर (इलेक्ट्रॉनिक स्विच) चालू पटकन होतो, बंद व्हायला रेंगाळतो. आणि आम्ही लाइटला पेटायचा इशारा (ट्रिगर) नेमका तो बंद होतानाच्या कडेवर, म्हणजे सिग्नल बदलण्याच्या क्षणावर, दिला होता. थंडीत नॉब वाढवून वेळ मारून नेली होती, उन्हाळ्यात पितळ उघडं पडलं. कॅमेऱ्यात आउटपुट उलटा केला, कंट्रोलरला पडती कड (सिग्नल वरून खाली येतो तो क्षण) सांगितली, म्हणजे आता ट्रिगर ट्रान्झिस्टर चालू होताना मिळतो. उशीर 5 च्या आत आला. खर्च शून्य. चूक आमच्या सेटिंगची होती, कंट्रोलरची नाही, तेव्हा एक स्टारचं बोलणं मागे घेतो.

पण नॉब! ब्राइटनेसचा नॉब पुढच्या बाजूला, ना लॉक, ना आकडे. आमची ऑपरेटर ताई सुती वेस्टने (पुसायच्या चिंध्यांनी) डबा पुसते आणि तो फिरतो. शंभर मायक्रोसेकंदांचा हिशेब लावायचा आणि तो एका फडक्याने घालवायचा? मार्क म्हणून बायकोची नेलपॉलिश लावली, ती ऑइलच्या हाताने आठवड्यात गेली. काल त्याच नॉबपायी दोनशे बुश परत तपासावे लागले. शेवटी फेविक्विक ओतलं. वॉरंटीचे पाच महिने बाकी आहेत, गेले तर गेले.