बालेवाडीजवळचा मुलींचा फुटबॉल वर्ग: सराव पक्का, चेंडू चुकीचा

2022 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात आपल्या मुली अमेरिकेकडून 0-8, ब्राझीलकडून 0-5 हरल्या. ही दरी सोळाव्या वर्षी शिबिर लावून बुजत नाही. दहाव्या वर्षीच पहिला स्पर्श, म्हणजे आलेला चेंडू पहिल्याच फटक्यात ताब्यात घेणं, बसावा लागतो. इथे तो घोटून घेतात: चौघी कडेने, दोघी मध्ये, चेंडूला दोनच स्पर्श. सुरुवातीची 20 मिनिटं निव्वळ वॉर्म-अप. उडी मारून उतरताना गुडघे आत वळतात का, हे प्रशिक्षक वाकून बघतात. मुलींच्या एसीएलसाठी, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणाऱ्या आतल्या अस्थिबंधासाठी, हे फार मोलाचं.

खटकलं ते असं: अकरा वर्षांच्या मुलींनाही 5 नंबरचा चेंडू. हवा 4 नंबरचा. मोठ्या, जड चेंडूला त्या अंगठ्यानं ढोसतात आणि ती खोड मग जाता जात नाही. टर्फवर (कृत्रिम गवतावर) बुटांच्या तळाचे लांब स्टडही चालवून घेतात, पाय अडकून गुडघा पिरगळतो तो त्यामुळेच.