दगड खरा, नाव खोटं

गेल्या वर्षी आमचे ७८० युरो बुडाले. पैसे गेल्याचं वाईट वाटतंच, पण त्याहून जास्त जिव्हारी लागलं ते हे, की एका माणसाने माझ्या ऐंशी वर्षांच्या सासूबाईंना भलत्याच कुणाच्या तरी कबरीपुढे गुडघे टेकायला लावले. आयर्लंडमध्ये आता आपली बरीच मराठी मंडळी राहतात. काहींची लग्नं इथल्या घरांत झाली आहेत, आणि मुलांसाठी ‘त्या बाजूची’ वंशावळ काढून ठेवावी असं त्यांतल्या अनेकांना वाटतं. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

मी मूळची नाशिकची. लहानपणी आजोबांबरोबर त्र्यंबकेश्वरला गेले होते, तेव्हा तीर्थोपाध्यायांनी कापडात बांधलेली वही सोडून माझ्या खापरपणजोबांची मोडीतली सही दाखवली होती. शाई तपकिरी पडलेली. आजोबांनी बोट सहीला लावलं नाही, नुसतं वरच्यावर धरलं. ते बोट मी कधी विसरले नाही. लग्नानंतर लिमरिकला आले. सासूबाईंचं माहेर शेजारच्या क्लेअर काउंटीतलं, किलरशच्या बाजूचं. त्यांच्या आजोबांचं नाव पॅट्रिक आणि लग्न १९०३ सालचं, यापलीकडे सासूबाईंना काही ठाऊक नव्हतं. ऐंशीव्या वाढदिवसाला आपण त्यांच्या हातात तशी एक वही द्यावी, असं मी मनाशी धरलं.

ओळखीच्या ओळखीतून एक ‘संशोधक’ मिळाला. बोलणं अत्यंत मऊ. पहिल्याच फोनवर त्याने १९२२ ची गोष्ट सांगितली. ती खरी आहे. यादवी युद्ध पेटलं आणि ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातला सरकारी दफ्तरखाना स्फोटात आणि आगीत गेला. १८२१ ते १८५१ च्या चार जनगणनांचे जवळजवळ सगळे कागद तिथे जळाले. पुढच्या दोन जनगणनांचे कागद सरकारने आधीच नष्ट केले होते, १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात कागदाच्या लगद्यासाठी गेले. त्यामुळे घरोघरचे अर्ज पूर्ण शाबूत आहेत अशी सगळ्यांत जुनी जनगणना १९०१ ची. हे सगळं नीट सांगून झाल्यावर तो म्हणाला, “पण माझ्याकडे आगीच्या आधी काढलेल्या खाजगी नकला आहेत.”

इथेच आम्ही अडकलो. नव्याण्णव टक्के खरं ऐकल्यावर उरलेलं एक टक्का तपासावं असं मनातही येत नाही.

आधी ४०० युरो घेतले, मग ‘छपाईपूर्वी’ ३८०. दोन्ही वेळा बँकेतून थेट. दीड महिन्याने जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आलं. मुखपृष्ठावर सोनेरी कुलचिन्ह, आत नऊ पिढ्या, थेट १६९० च्या दशकापर्यंत. मधोमध एका थडग्याच्या दगडाचा पानभर फोटो: अमक्याने आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ उभारला, साल १८०३, आणि खाली सासूबाईंच्या माहेरचं आडनाव. त्यांनी ते पान उघडलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. त्या रात्रीपासून रोजच्या जपमाळेत त्या ही नावं घेऊ लागल्या.

मे महिन्यात त्या दफनभूमीत गेलो. कोपरा तुटलेला दगड त्याने सांगितलेल्या जागी होता, पण भर दुपारी त्यावर एक अक्षर लागेना. त्याने आधीच सांगून ठेवलं होतं की फोटो खास प्रकाशात काढलेला आहे, आता अक्षरं झिजली आहेत. सासूबाईंनी परसातली फुलं नेली होती. ओल्या गवतात त्या गुडघ्यांवर बसल्या, उठताना मला धरून उठवावं लागलं.

शंका आली ती ऑगस्टमध्ये. पुस्तकातली नावं लेकीच्या शाळेसाठी उतरवून काढत होते. एका नावाखाली आधार म्हणून लिहिलं होतं: ‘१८४१ ची जनगणना, किलरश’, सोबत पानाचा आकडा. तुरळक तुकडे वगळले तर ती जनगणना उरलेलीच नाही. ‘खाजगी नकला’ म्हणजे काय, कुणी काढल्या, कुठे आहेत, हे मी त्याला लिहून विचारलं. उत्तर गोड आलं. दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा उत्तरच आलं नाही.

मग मी स्वतः बसले. आणि मला कळलं की जे वाचलं आहे त्यातलं बरंचसं कुणीही फुकट पाहू शकतं. १९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे अर्ज राष्ट्रीय अभिलेखागाराने ऑनलाइन ठेवले आहेत. १८६४ पासून सगळ्यांच्या जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंद सुरू झाली, त्यातल्या जुन्या नोंदींची पानं सरकारी संकेतस्थळावर दिसतात. कॅथलिक चर्चच्या वह्या, साधारण १८८० पर्यंतच्या, राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये खुल्या केल्या. त्यातल्या बऱ्याच लॅटिनमध्ये आहेत, जेम्सचा जेकोबस होतो एवढं लक्षात ठेवावं. क्लेअरच्या काउंटी ग्रंथालयाने तर स्वयंसेवकांनी वाचून उतरवलेले दफनभूमीतले लेखही ऑनलाइन दिले आहेत.

१९०१ च्या अर्जात पॅट्रिक सापडला. लग्न व्हायचं होतं, घरात विधवा आई: होनोरा, वय ५८, वाचता येत नाही, भाषा आयरिश आणि इंग्रजी. आमच्या पुस्तकात मात्र पॅट्रिकची आई होती मेरी! जोडलेली जन्मनोंद खरीच होती, पण ती त्याच सालच्या, त्याच आडनावाच्या दुसऱ्या पॅट्रिकची. क्लेअरमध्ये हे आडनाव आपल्याकडच्या पाटलांसारखं आहे. १९०३ च्या लग्ननोंदीत नवऱ्या मुलाच्या वडिलांचं नाव लिहिलेलं असतं, तेही जुळलं नाही. अर्ध्या तासात पडताळता आलं असतं असं काम होतं हे.

होनोराचं वय १९११ च्या अर्जात ७२ आहे. दहा वर्षांत चौदा वर्षं वाढली म्हणून मी घाबरले होते, पण ते इथे सर्रास दिसतं. १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना पेन्शन सुरू झाली आणि जन्माचा दाखला कुणाकडेच नव्हता. मला ती बाई त्या एका आकड्यामुळे फार जवळची वाटली.

ऑक्टोबरात संध्याकाळी नवऱ्याला घेऊन पुन्हा त्या दगडापाशी गेले. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाच्या कडेला टेकवून आडवी धरली. प्रकाश तिरका पडला की खोलगट अक्षरांत सावली भरते. एकेक ओळ उठून आली. साल १८०३ बरोबर. ‘वडिलांच्या स्मरणार्थ’ बरोबर. आडनाव वेगळंच! आणि ते आडनाव ओळीत मावलं नव्हतं, गवंड्याने शेवटची दोन अक्षरं बारीक करून वर चढवली होती. आमच्या फोटोत त्याच जागी आडनाव कसं सरळ, सुबक बसलेलं. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला. दगडावर दगडफुलाचे पांढुरके ठिपके आहेत, आपण गोड्या मसाल्यात घालतो त्याच जातीतलं. बाकीची अक्षरं त्या ठिपक्यांखाली अर्धी गेली आहेत. फक्त आडनाव ठिपक्यांच्या वरून धावतं.

(दगड कुणी वाचायला गेलात तर खडू चोळू नका, ब्रश तर मुळीच नको. त्याने दगडाचं कायमचं नुकसान होतं.)

कुलचिन्हाचंही तेच. ते एखाद्या माणसाला दिलं जातं आणि त्याच्या वंशात चालतं. आडनाव सारखं म्हणून कुणालाही लावता येत नाही. आणि मुळात एवढं तरी सुचायला हवं होतं: १८५५ मध्ये क्लेअरची जमीन-घरांची मोजणी छापली गेली, ग्रिफिथची म्हणतात ती. तिच्यात होनोराच्या सासऱ्याचं नाव आहे. घर, वर्षाच्या भाड्याचं मूल्य पाच शिलिंग. जमीन नाही. त्याआधीच्या दुष्काळात किलरशच्या बाजूला हजारो कुटुंबांना घरांतून बाहेर काढलं होतं. अशा माणसाच्या बापजाद्यांकडे कोरीव दगडाला पैसे कुठून असणार? गरिबांच्या कबरीवर शेतातला बिनअक्षराचा धोंडा असायचा. आमचा माग १८५५ ला थांबतो.

सासूबाईंना सांगायचं धाडस मला आठवडाभर झालं नाही. सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारलं, “होनोराला वाचता येत नव्हतं?” तो अर्ज छापून मी त्यांना दिला आहे, तो त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात असतो.

बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. गार्डा म्हणजे इथल्या पोलिसांच्या ठाण्यात तक्रार नोंदवली आहे. ज्यांना खरोखर व्यावसायिक संशोधक हवा असेल त्यांनी ‘अक्रेडिटेड जिनिऑलॉजिस्ट्स आयर्लंड’ या संस्थेच्या यादीत नाव आहे का ते पाहावं, आणि प्रत्येक नावाला वही, पान आणि ते पान कुठे पाहता येईल हे लेखी मागावं.

लिहायची घाई अशासाठी, की मागच्या महिन्यात बॉस्टनमधल्या एका बाईंनी त्यांच्या ‘पूर्वजांच्या’ दगडाचा फोटो मला पाठवला. तोच दगड, तेच ठिपके, आडनाव तिसरंच. तेव्हा खूण सांगून ठेवते: वरचा डावा कोपरा तुटलेला, माथ्यावर क्रूस आणि IHS (आयएचएस, येशूच्या नावाची खूण) ही अक्षरं, उजवीकडे खालपर्यंत गेलेला तडा, साल १८०३. या दगडावर कुणी तुम्हाला तुमचं आडनाव दाखवलं, तर दुसरा हप्ता पाठवू नका, आणि मला कळवा.