पीएसएसई ते मॅटपॉवर: रूपांतर चोख, पण शंट गोठतात

पीएसएसई या वीज-जाळ्याच्या अभ्यासाच्या सॉफ्टवेअरची रॉ फाइल (जाळ्याचा डेटा असलेली मजकूर फाइल) मॅटपॉवरमध्ये, म्हणजे मॅटलॅबवर चालणाऱ्या तशाच साधनात, आणायला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. मॅटपॉवरसोबतच 'पीएसएसई-टू-एमपीसी' हे फंक्शन मिळतं. ते मुक्त-स्रोत आहे आणि मॅटलॅबचा मोफत पर्याय असलेल्या ऑक्टेव्हवरही चालतं. लोडफ्लोपुरतं, म्हणजे प्रत्येक बसचा (जाळ्यातल्या जोडबिंदूचा) व्होल्टेज आणि लाइनमधली पॉवर काढण्यापुरतं, काम असेल तर तेच वापरावं. मात्र केस (जाळ्याचं मॉडेल) कन्व्हर्ज झाली, गणना उत्तरावर स्थिरावली, म्हणजे रूपांतर बरोबर झालं, असं धरू नका.

फाइल शक्यतो रॉच्या 33व्या आवृत्तीत एक्सपोर्ट करा. 34पासून शाखांच्या ओळीत नाव आणि 12 रेटिंग आली, त्यामुळे स्तंभ सरकले. फंक्शनचा दुसरा आउटपुट मागायला विसरू नका, कारण इशाऱ्यांची यादी त्यातच येते आणि ती ओळ न ओळ वाचायची असते.

मोठी गळती होते ती स्विच्ड शंटमध्ये, म्हणजे व्होल्टेज सांभाळायला पायऱ्यापायऱ्यांनी चालू-बंद होणाऱ्या कॅपॅसिटर किंवा रिॲक्टर बँकांमध्ये. पायऱ्या आणि व्होल्टेजच्या मर्यादा जातात, उरतो सुरुवातीच्या मूल्याचा स्थिर शंट. मूळ स्थितीत तेच मूल्य बरोबर असतं, म्हणून पहिल्या रनमध्ये काहीच खटकत नाही. एखादी लाइन काढली की फरक उघडा पडतो. पीएसएसईत कॅपॅसिटर बँक पुढची पायरी घेते. इथे ती जागची हलत नाही, उलट व्होल्टेज 0.95 वर (नाममात्र मूल्याच्या 95 टक्क्यांवर) आला की 50 एमव्हीएआरची (हे रिॲक्टिव्ह पॉवरचं एकक) बँक जेमतेम 45 देते. तेव्हा आकस्मिकतेच्या (एखादी लाइन किंवा उपकरण अचानक बंद पडल्यावरच्या) अभ्यासासाठी ही केस जशीच्या तशी वापरणं धोक्याचं. प्रत्येक स्थितीसाठी शंटची मूल्यं पीएसएसईतून पुन्हा घ्या, किंवा पायऱ्या बदलणारा लूप स्वतः लिहा.

तीन वाइंडिंगचे ट्रान्सफॉर्मर मात्र नीट उतरतात. प्रत्येकासाठी एक तारा-बस (तिन्ही वाइंडिंग जोडणारा काल्पनिक मध्यबिंदू) आणि तीन शाखा तयार होतात, म्हणून बसची संख्या वाढलेली दिसते. जोड्यांचे रिॲक्टन्स 0.10, 0.05 आणि 0.17 (1-2, 2-3, 3-1) असतील, तर दुसऱ्या वाइंडिंगच्या शाखेचा रिॲक्टन्स उणे 0.01 निघतो. ही चूक नव्हे. 'दुरुस्त' करायला गेलात तर ट्रान्सफॉर्मरच बिघडवाल.

दूरच्या बसचा व्होल्टेज सांभाळणारे जनरेटर तपासा. मॅटपॉवरचा जनरेटर फक्त स्वतःच्या बसचा व्होल्टेज धरतो, त्यामुळे दूरच्या बसचा सेटपॉइंट इथे जागेवर बसत नाही. अशा ठिकाणी सोडवलेल्या केसमधला जनरेटरच्या स्वतःच्या बसचा व्होल्टेज भरा. डायनॅमिक्स (काळानुसार बदलणारं वर्तन) आणि सिक्वेन्स (असंतुलित दोषांच्या अभ्यासाचा) डेटाच्या वेगळ्या फाइल्स हे फंक्शन वाचतच नाही.

खरी कसोटी लोडफ्लो चालवण्याआधी घ्यायची. रॉ फाइल सोडवलेल्या केसची असेल, तर त्यातले व्होल्टेज आणि कोन तसेच ठेवा, केस अंतर्गत (1 पासून सलग) क्रमांकांत बदला, वाय-बस (जाळ्याचं ॲडमिटन्स मॅट्रिक्स) बनवा आणि प्रत्येक बसवरचा मिसमॅच (येणाऱ्या आणि जाणाऱ्या पॉवरमधला फरक) काढा. पीएसएसईची डीफॉल्ट सहनमर्यादा 0.1 मेगावॉट असते. त्याहून बऱ्याच जास्त मिसमॅचच्या बस उतरत्या क्रमाने लावा. चूक एखाद्या ट्रान्सफॉर्मरच्या टॅपमध्ये किंवा इम्पिडन्सच्या बेसमध्ये असेल, तर त्याच्या दोन्ही टोकांच्या बस यादीत वर दिसतात. फक्त एकच बस वर आली, तर तिथला लोड, जनरेटर किंवा शंट पाहा. लोडफ्लो आधी चालवला, तर तीच चूक सगळ्या व्होल्टेजमध्ये पसरते आणि मूळ शोधणं अवघड होतं.