मालवणी ताटासोबत रेड वाइन: हलकी की जड?

मालवण-वेंगुर्ल्याकडे पाहुणे जेवायला आहेत आणि रेड वाइन आणायची आहे, तर माझं मत: हलकी आणा. नाशिकची शिराझ किंवा कॅबर्ने, म्हणजे जड द्राक्षजातींची वाइन, सहज मिळते. पिनो न्वार आणि गामे या हलक्या जातींच्या वाइन बहुधा परदेशातून येतात, म्हणून महाग पडतात. तरीही.

खरा फरक द्राक्षाच्या सालीचा. रंग आणि बराचसा तुरटपणा तिच्यातूनच उतरतो. कॅबर्नेची साल जाड, त्यामुळे वाइन गडद आणि काजूच्या कच्च्या बोंडूसारखी तोंड आवळणारी. पिनोची पातळ, वाइन फिकट, चेरीच्या वासाची. फ्रान्सच्या बोजोले भागात गामेचे अख्खे घड कार्बन डायऑक्साइडमध्ये आंबवतात, मग तुरटपणा आणखी कमी उतरतो.

आता आपलं जेवण. शिराझमध्ये अल्कोहोल बऱ्याचदा १४ टक्क्यांच्या आसपास असतं, आणि अल्कोहोल मालवणी मसाल्याची आग वाढवतं. हलकीत ते साधारण १२-१३ टक्के. शिवाय पिनो-गामेला स्वतःचा आंबटपणा असतो, म्हणून आमसुलाच्या सारापुढे त्या फिक्या पडत नाहीत. कोंबडी-वडे, तळलेली कोळंबी यांच्यासोबत त्या फार छान लागतात. बांगड्याच्या तिखल्याला मात्र कुठलीच रेड नको: वाइनमधलं लोह माशाच्या तेलाशी भिडलं की तोंडात माशाचा वास रेंगाळतो. मटण सुक्कं असेल तर जड वाइनच घ्या, चरबी आणि प्रथिनं तिचा तुरटपणा मऊ करतात.

रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ३० अंशांच्या वर असते, त्या उष्णतेत नुसती अल्कोहोलची झणक येते. हलकी वाइन १२ ते १४ अंशांवर खुलते: बाटली दोन-अडीच तास फ्रिजमध्ये, किंवा पाणी घातलेल्या बर्फात १५-२० मिनिटं. जडला फ्रिजमध्ये दीड तास पुरे, कारण फार गार केली की तुरटपणा टोचतो. पेल्यात थोडी थोडीच ओता, नाहीतर दमट हवेत ती बघता बघता गरम होते.

पिनो परवडत नसेल, तर नाशिकचीच लाकडी पिंपात न मुरवलेली, ताजी रेड मागा. हलकी वाइन साठवून ठेवू नका. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते.