चार मशीन, एक कूलर

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भाचा पीएस-५ (सोनीचं प्लेस्टेशन ५, टीव्हीवर खेळायचं गेमचं मशीन) घेऊन आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या घरी आला. सेकंड हँड, २०२१ सालचा, ऑफिसातल्या मित्राकडून घेतलेला. पहिला बोनस त्यातच गेला म्हणून ताई त्याला बोलून राहिली होती आणि तो मला विचारून राहिला होता, "मामा, ठेवू कुठे?" म्हटलं, कूलरसमोर सोडून कुठेही ठेव. मग तो म्हणाला, "तुझ्या त्या जुन्या डबड्यांपेक्षा हे किती पुढे गेलं, पाहशीलच तू."

डबडी म्हटल्यावर मला राहवेना. बाबांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आता ते मी चालवतो. टीव्ही थोडे, इन्व्हर्टरचे बोर्ड जास्त. अशा घरातून भंगारवाल्याला काही मिळत नाही. माळ्यावरून तीन मशीन खाली काढले: बर्डीहून आणलेला ८-बिट टीव्ही गेम, पीएस-१ आणि पीएस-२. शेजारी भाच्याचा पीएस-५. एक २१ इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही, एक ४३ इंची एलईडी, आणि पंधरा दिवस. कोणाची ताकद किती ते खोक्यावर छापलेलं असतं. मला पाहायचं होतं ते वेगळं: या चौघांपैकी कोणाच्या येण्याने खरंच काही बदललं.

८-बिटवाल्याचं सांगायला लागलो तर थांबणार नाही, तरी सांगतो. मूळ मशीन निन्टेंडोचं फॅमिकॉम, जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आलं. माझा जन्मही त्याच वर्षीचा. आमच्या घरी त्याची नक्कल आली १९९४ च्या दिवाळीत. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव नव्हतं, पण ९९९९ गेम आहेत असं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. खरे गेम निघाले बारा-तेरा. बाकी सगळे तेच, कुठे मारिओ तिसऱ्या लेव्हलपासून सुरू, कुठे रणगाडा आधीच चिलखत घालून उभा. यंदा मशीन उघडलं तेव्हा आत पाहिलं, आयसी, म्हणजे पाय असलेली नेहमीची चिप, नाहीच. बोर्डावर नुसता डांबरासारखा काळा थेंब. त्या थेंबाखाली अख्ख्या फॅमिकॉमचं काम करणारी एकच चिप. मूळ मशीनमध्ये प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा आणि कामाची मेमरी २ किलोबाइट. मारिओचा पहिला गेम पूर्ण ४० किलोबाइटचा. आपल्या फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी येणारा सुप्रभातचा फोटोसुद्धा त्याहून जड असतो. जागा इतकी तोकडी, की त्या गेममधला ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेला. मला हे चाळिशीनंतर कळलं, आणि त्या दिवशी दुकानात सगळ्यांना दाखवत बसलो होतो.

पुस्तकी इतिहासात या पिढीला सगळ्यात वरचा पाट असतो, आणि तो बरोबरच आहे. १९८३ साली अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला, दुकानदार गेम ठेवायला तयार होईनात, आणि १९८५ पासून निन्टेंडोने तो पुन्हा उभा केला. पण नागपुरात काही कोसळलं नाही. कोसळायला आधी काही असावं लागतं! आमच्याकडे हेच पहिलं. १९७२ चं ओडिसी, १९७७ चं अटारी ही मशीनांची नावं आम्ही फार उशिरा वाचली. हिशोबाने ८-बिट ही तिसरी पिढी, पण आमच्या गल्लीचा मूळ पुरुष तोच.

जोडायचं प्रकरण मोठं होतं. अँटेनाची वायर काढायची, गेमची लावायची, मग टीव्हीचं बारीक चाक फिरवत चित्र शोधायचं. टीव्हीवाल्याचं पोट्टं म्हणून गल्लीतले सगळे मलाच बोलवायचे. तेव्हा घरोघरी एक समज होता, गेमने पिक्चर ट्यूब जाते. एकच चित्र तासन् तास ठेवलं तर डाग पडू शकतो, पण ट्यूब अशी जात नाही हे बाबांना चांगलं माहीत होतं. तरी वार्षिक परीक्षा आली की तेच आम्हाला म्हणायचे, "ट्यूब जाईल बे, बंद कर."

गेमची कॅसेट चालली नाही की आम्ही फुंकर मारायचो. आज धंद्याच्या अनुभवाने सांगतो, फुंकरीने काही होत नव्हतं. काढून परत घातली की पट्ट्या घासल्या जायच्या आणि कॉन्टॅक्ट लागायचा. तोंडाच्या वाफेने उलट गंजच चढायचा. माझ्या कॅसेटच्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. पेन्सिलीच्या खोडरबराने घासल्या, आयपीएने (साफसफाईच्या अल्कोहोलने) पुसल्या, पहिल्या झटक्यात चालू. बटण दाबल्यापासून रणगाडा पळेपर्यंत दहा सेकंदही नाही. हा आकडा लक्षात ठेवा.

८-बिटच्या बंदुकीची परीक्षा मात्र भाच्यासाठी होती. त्याने ४३ इंची एलईडीवर बदकावर नेम धरला. नेम बरोबर, बदक मरेना. पिक्चर ट्यूबवर लावून दिलं तर पहिल्याच गोळीत पडलं. त्याला वाटलं बंदुकीतून काही निघतं. निघत काहीच नाही, बंदूक फक्त बघते. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि नळीतल्या डोळ्याला तो उजेड ठरलेल्या क्षणी दिसला तर बदक मेलं. ट्यूबवर उजेड त्या क्षणाला पडतो, एलईडीवर किंचित मागाहून, तोवर गेमने नेम चुकला असं ठरवलेलं असतं. लहानपणी आम्ही १०० वॅटच्या बल्बवर नेम धरून फसवायला पाहिलं होतं. जमलं नाही. पडदा आधी काळा होतो तो त्यासाठीच, काळ्यातही उजेड दिसला तर हा लबाड. आमच्यासारखे भामटे जपानातही असणार.

१६-बिटची पिढी नागपुरात आली आणि गेली, आमच्या गल्लीला पत्ता नाही. धरमपेठेतल्या एका मुलाकडे सेगा कंपनीचं मशीन होतं, त्याचा काका परदेशात. मी दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा हात लावू दिला नाही. पुढे चला.

पीएस-१ ची भेट घरी नाही, गेम पार्लरमध्ये झाली. २० रुपये तास, अंधारी खोली, चार टीव्ही, आणि दिवसाचे बारा तास चालून लेन्स इतकी थकलेली की मालक मशीन उलटं ठेवूनच चालवायचा. सोनीने ते जपानात ३ डिसेंबर १९९४ ला आणलं, म्हणजे आम्ही ८-बिटची पूजा करून राहिलो होतो तेव्हा तिकडे पाचवी पिढी सुरू झाली होती. थ्रीडीचं कौतुक सगळे करतात. मला विचाराल तर मोठी गोष्ट दोनच, सीडी आणि मेमरी कार्ड. कॅसेट अडीचशे रुपयांची, सीडी पन्नासची. चोरीच्या सीड्या होत्या, लपवून काय करू. पण महालातल्या पोट्ट्याने नवीन गेम महिन्याला बघावा हे त्यामुळे झालं. आणि मेमरी कार्ड, अवघं १२८ किलोबाइट, पंधरा कप्पे. आमच्या ८-बिटवर लाइट गेली की सगळं गेलं, परत पहिल्यापासून. कार्ड आल्यावर खेळ उद्यावर ठेवता आला. आईने जेवायला हाक मारली तर उठता आलं. घरातली निम्मी भांडणं त्या कार्डाने मिटवली.

आज लावून पाहिलं तर भिंती थरथरतात. मशीन बिंदू पूर्णांकात मोजतं, मधली जागा त्याला माहीतच नाही, म्हणून गाडी वळली की रस्ता पाण्यावर पडल्यासारखा हलतो. एलईडीवर तर डोळ्यांना त्रास होतो. ट्यूबवर तेच चित्र बरं दिसतं, कारण ट्यूब कडा थोड्या विरघळवते. जुनं मशीन घेणार असाल तर त्याच्या काळचा टीव्हीही शोधा.

आता पीएस-२. मार्च २००० मध्ये आला, २०१३ पर्यंत बनत राहिला, जगभर १६ कोटींच्या आसपास खपला, तोवर दुसऱ्या कुठल्या घरगुती मशीनला हे जमलं नव्हतं. मी २००६ मध्ये घेतला. लोडशेडिंगचे दिवस, इन्व्हर्टरवर पंखा की गेम असा सवाल असायचा. उघडून बसलो तेव्हा जे दिसलं त्यानेच मी या मशीनचा झालो. पीएस-२ च्या सुरुवातीच्या मॉडेलांत पीएस-१ चा प्रोसेसर बसवलेला आहे. नवीन गेम चालतो तेव्हा तो रिमोट, कार्ड, डिस्क यांची वरची कामं बघतो. जुनी सीडी घातली की तोच पुढे होतो आणि गेम चालवतो. म्हाताऱ्याला दारात खाट टाकून बसवलेलं नाही, घरात काम दिलंय.

माझ्याकडे सदर भागातून घेतलेली एकुलती एक खरी, पावतीची पीएस-१ ची सीडी आहे, गाड्यांच्या शर्यतीची. पीएस-२ मध्ये घातली, चालली. आईची भजनांची सीडी घातली, वाजली. डीव्हीडी तर चालतेच. २००६ साली आमच्या घरी वेगळा डीव्हीडी प्लेअर नव्हता, त्यामुळे या मशीनवर घरात कोणाचा राग नव्हता. २००९ मध्ये हैदराबादच्या कंपनीने याच्यासाठी बालहनुमानाचा गेमसुद्धा काढला. गेम सुमार, पण शेजारची आजी शेजारी बसून पाहायची.

सातव्या पिढीत मी कुंपणावर होतो, भाव ऐकूनच परत यायचो. पण एवढं सांगतो: पीएस-३ च्या सुरुवातीच्या काही मॉडेलांत पीएस-२ ची चिप होती, मग खर्च वाचवायला काढली. पीएस-४ आला तो पीएस-३ ची डिस्क ओळखेना. वेगळं बिऱ्हाड केलं. माझ्या मते ही आठवी, पीएस-४ ची पिढी सगळ्यात कमी महत्त्वाची. भाच्याकडे आधी तोच होता. चित्र आणखी स्वच्छ, बाकी खेळायला बसल्यावर हाताला नवीन काय लागलं, तर मला सापडलं नाही. त्याला हे पटलेलं नाही.

मग पीएस-५. इथे मात्र मला दोन पावलं मागे यावं लागलं. आतली एसएसडी, म्हणजे गेम साठवायची जागा, ८२५ जीबीची, सेकंदाला साडेपाच जीबी वाचणारी. पीएस-१ चं लोडिंग होईपर्यंत आम्ही पाणी पिऊन, माठ भरून यायचो. इथे एका शहरातून दुसऱ्या शहरात जाताना पापणी लवत नाही. १९९४ नंतरची ही पहिली उडी मला खरी वाटली. दुसरं म्हणजे रिमोट. धनुष्य ओढलं की बोटाखालचं बटण कडक होतं, दोरीचा ताण बोटाला जाणवतो. आईच्या हातात दिला तर ती दचकली. हे कुठल्याही फोटोत दिसत नाही, हातात घेतल्याशिवाय मत देऊ नका.

पण पहिल्या दिवशी काय झालं? दुपारी एकला लावला. आधी मशीनचं अपडेट, मग डिस्क विकत घेतलेली असूनही गेमचं अपडेट, आमचं नेट जेमतेम. खेळायला बसलो ते दिवेलागणीला. मघाचे दहा सेकंद आठवा. आणि माझी शर्यतीची सीडी? पीएस-५ सीडी वाचतच नाही. ना गेमची, ना भजनांची. पीएस-४ चे बहुतेक सगळे गेम चालतात, त्यामागचं काही नाही. बापाला ओळखतो, आजोबांना नाही.

नागपूरकरांसाठी कामाचं. माहितीपत्रकात ५ ते ३५ अंश तापमान लिहिलंय. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५. कूलर लावलेल्या खोलीत दुपारी तीनला मी ३३ मोजलं, म्हणजे काठावर पास. कूलर बंद असेल तर दुपारी खेळू नका. पण मशीन कूलरच्या झोतातही नको, ओली हवा आणि जाळीतून येणारी क्षारांची भुकटी दोन्ही आत जातात. बाजूच्या भिंतीला, चारही बाजूंनी वीतभर जागा सोडून. पांढरी झाकणं सरकवली की आत धूळ ओढून घ्यायची दोन भोकं दिली आहेत, हे बनवणाऱ्याचं खरंच कौतुक. महिन्यातून एकदा व्हॅक्यूम लावा. प्रोसेसरवर पातळ धातू लावलेला असतो, नेहमीची पेस्ट नाही, त्यामुळे माझ्यासारख्या हौशी माणसाने पाना घेऊन आत शिरू नये. मी शिरलो नाही. हात शिवशिवले.

भारतात हे मशीन २ फेब्रुवारी २०२१ ला ४९,९९० रुपयांना आलं होतं. सेकंड हँड घेताना डिस्क घालून, काढून, परत घालून पाहा, आणि पंख्याचा आवाज अर्धा तास खेळल्यावर ऐका, चालू केल्या केल्या नाही.

पंधराव्या दिवशी भाच्याने विचारलं, "मग मामा, यातलं भारी कोणतं?" म्हटलं, महत्त्वाचा पीएस-२, खेळायला तुझा, आणि भांडायला ८-बिट. तो ८-बिटचा दुसरा रिमोट आधीच ओढून बसला होता. त्याचं बी बटण अडकतं, हे मी त्याला सांगितलं नाही.