धनुष्य, गरी की पागेर? गोव्यात हौसेने मासे धरायचे तर काय घ्यावं

माझा भाचा विस्कॉन्सिनला शिकतो. गेल्या मे महिन्यात मित्रांबरोबर ग्रीन बेवर जाऊन धनुष्याने मासे मारून आला आणि डिसेंबरात डिचोलीला उतरल्या उतरल्या म्हणाला, "मामा, इथे पण एक धनुष्य आणूया." त्यानंतर गावातल्या आणखी दोघांनी हेच विचारलं, म्हणून धनुष्य, गरी (गळ) आणि पागेर (हाताने फेकायचं जाळं) ह्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो.

आधी धनुष्य जिथलं, तिथली गोष्ट. ग्रीन बे हा लेक मिशिगनचा फाटा. सुमारे १९० किलोमीटर लांब, आणि पाणी गोडं. वसंतात तिथे कार्प मासे अंडी घालायला काठच्या गवतात, गुडघाभर पाण्यात शिरतात. त्यांच्या पाठी वरून दिसतात. हा मासा तिथला नव्हेच. १८७०च्या दशकात सरकारनेच युरोपातून आणून वाढवला. आता तो तळ उकरतो, पाणवनस्पती उपटतो, पाणी गढूळ करतो, त्यामुळे तो मारला म्हणून कुणी हळहळत नाही. बाण फायबरग्लासचा, जड, बिनपिसांचा. टोकाला उलटे काटे आणि मागे दोरी. ही दोरी बाणावरच्या सरकत्या कडीला बांधतात. तसं केलं नाही आणि दोरी धनुष्यात अडकली, तर बाण उलटा मारणाऱ्याच्या अंगावर येतो.

नेम धरणं हे वेगळंच प्रकरण. परसातल्या टाकीत मी रुपया टाकला आणि भाच्याच्या हातात काठी दिली. तिरक्या नजरेने बघून त्याने सरळ खुपसली, ती पलीकडे जाऊन टेकली. तीनदा. पाण्यात प्रकाश वाकतो, म्हणून चार फूट खोल असलेली वस्तू अगदी वरून बघितली तरी तीन फुटांवर भासते, तिरकं बघितलं तर आणखी वर. म्हणजे दिसतो त्याच्या खाली नेम धरायचा. चौथ्यांदा जमलं तेव्हा पठ्ठ्याने असा चेहरा केला, जणू मत्स्यवेधच केला.

पण आमच्या नद्यांत मासा आधी दिसायला तर हवा! मांडवी काय, शापोरा काय, भरती-ओहोटीने कायम गढूळ. चोणक आणि तांबोशी खारफुटीच्या मुळांत दबा धरून बसतात, पाठ दाखवायला वर येत नाहीत. आणि तळहाताएवढी काळुंदर बाणाने मारली तर तव्यावर टाकायला उरणार काय? धरणांत, साळावलीला किंवा अंजुण्याला, पाणी निवळ असतं तेव्हा जमेलही कदाचित. पण तिथे आधी मत्स्योद्योग आणि जलस्रोत, दोन्ही खात्यांकडे चौकशी करा. अभयारण्याच्या हद्दीत तर विषयच नको.

धनुष्याला सगळ्यात जवळचा आमच्याकडचा प्रकार म्हणजे चढणीचे मासे. मिरगाचा पाऊस पडला की मासे ओहोळातून शेतांत चढतात आणि माणसं बत्ती-कोयता घेऊन निघतात. लहानपणी मीही गेलोय, खोटं कशाला बोलू. पण ते मासे इथलेच, आणि पोटात गाबोळी भरलेली. कार्प मारणं आणि ह्यांना मारणं एक नव्हे. गरीला लहान मासा लागला तर सोडून देता येतो. बाण लागलेला सोडून काय उपयोग?

पागेर मला स्वतःला सगळ्यात आवडतो, आणि सगळ्यात कमी जमतो. दोरी मनगटाला, जाळ्याचा एक भाग कोपरावर, शिसं लावलेली कड दातांत, मग कमरेतून गिरकी घेऊन फेकायचा. चांगल्या हातून तो पाण्यावर गोल ताटासारखा उघडतो. माझ्या हातून केळीच्या पानासारखा लांबट पडतो. शिकवणारा जाणता माणूस गावात असेल तरच ह्यात पडा, आणि वर्ष-दोन वर्षं पाण्यातले शेवटे मासेसुद्धा हसतील ही तयारी ठेवा. खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) मानशीजवळ, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दारांजवळ, मात्र टाकू नका: तिथल्या माशांची पावणी (लिलाव) झालेली असते, ज्याने बोली जिंकली त्याचा हक्क. कुंभारजुवेच्या कालव्यात कमरेएवढ्या पाण्यात उतरण्याआधी मगरी आठवा.

तेव्हा नवख्याने गरीच घ्यावी. सुरुवातीला महागड्या रॉडचीही गरज नाही; हातदोरी, शिशाचा तुकडा, दोन-तीन मापांच्या गऱ्या आणि बाजारातली मूठभर सुंगटं (कोळंबी) पुरतात. गोड्या पाण्यात कणकेचा गोळा चालतो. भरती चढायला लागण्याच्या तासभर आधी जाऊन बसा. जेट्टीवर बसणारे म्हातारे कुठे गरी टाकायची ते सांगत नाहीत, पण ते स्वतः कुठे टाकतात ते दिसतंच. शेवाळ्यावर पाय घसरतो, चप्पल घालून जाऊ नका.

धनुष्याची हौस अगदीच भागत नसेल तर मैदानात लक्ष्यावर मारा, किंवा भाच्यासारखा मे महिना ग्रीन बेवर काढा. त्याचं धनुष्य तिथेच मित्राच्या गॅरेजमध्ये आहे. इथे आला की माझी गरी घेतो, आणि गुंता झाला की सोडवायला मला हाक मारतो.